पऱ्हाटीचं कुंपण

काऊन बे, कुंपणावरून कोणी भांडते का? मी भांडलो!

देऊळघाटाकडं तळ्याले लागून आमची नवी कॉलनी. बांधकामाचा नियम असा, का तळ्याच्या बाजूनं भिंत नाही, नैसर्गिक कुंपणच पाह्यजे. मी वावरातली पऱ्हाटी आणली अन् कपाशीच्या त्या वाळल्या काड्यांचा झकास कूड बांधला. दुसऱ्याच दिवशी कॉलनीचे अध्यक्ष दारात.

"हे काय लावलं हो? खेडं वाटते. काढा!"

म्हणलं, "साहेब, नियम तुमचाच हाये."

"अहो, नैसर्गिक म्हणजे नैसर्गिक दिसणारं! माह्यासारखे प्लास्टिकचे बांबू लावा."

"लावतो ना," म्हणलं. "पयले तळ्यातले बगळे हाकला अन् तिथं प्लास्टिकचे बसवा. मंग माही पऱ्हाटी काढतो."