शंभरात चार

नाही, मी म्हणते, चार म्हणजे चारच ना? त्यात न कळण्यासारखं काय आहे? शंभर मुलं दारात उभी, आत घेणार चार, उरलेल्यांना 'आपण अर्ज केलात याचा आम्हाला आनंद आहे' असं पत्र... आनंद! शहाण्णव जणांना हाकलल्याचा आनंद! पण एवढं साधं सांगायला गेले, तर तुम्हाला सांगते, जो तो आपल्याच कानाने ऐकतो. आकडा खरा होता हो. माझा आकडा अगदी खरा होता!

आता म्हणाल, तू कोण आकडे सांगणारी? तर मी शिकले तिकडे, लांब, असल्याच एका मोठ्या विद्यापीठात, आणि परत आले. का आले? आमची काकू अजून आईला कोपऱ्यात घेऊन विचारते, 'तिकडे काही झालं का गं हिचं?' काही झालं नाही, काकू! इथल्या मुलांना तिथली वाट दाखवायची, खरी वाट, म्हणून आले! आणि लागले कुठे, तर परदेशी प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या ऑफिसात. खाली चष्म्याचं दुकान, वर आम्ही. तिथे आमचे सर. सरांची पद्धत अशी, की विद्यापीठांचे तीन ढीग करायचे. उडी, पायरी आणि गादी. उडी म्हणजे महाकठीण, पायरी म्हणजे जमेल, आणि गादी म्हणजे कुठेच नाही जमलं तर इथे आपटायचं. बाहेर पाटी, 'आमच्या अर्जांपैकी शेकडा नव्वद यशस्वी!' मी विचारलं, सर, हे कसं काय? तर सर चहात बिस्किट बुडवत म्हणतात, 'सोपं आहे. उडी कुणाला मारूच द्यायची नाही. अर्जच गेला नाही, तर नकार येतो का?'

नकार येतो का म्हणे!

माझं टाळकंच सटकलं. म्हटलं, सर, ही फसवणूक आहे, मुलांना खरं काय ते कळलं पाहिजे, मी प्रत्येकाची शक्यता काढणार, आकड्यात, आणि तोंडावर सांगणार! सर म्हणाले, 'सांगा की.' इतकं गोड 'सांगा की' म्हणाले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

तर एक मुलगी आली. वडील लिफ्ट दुरुस्त करणारे. त्यांच्याबरोबर हॉस्पिटलात जायची, तर हिला दिसलं, की तिन्ही लिफ्ट एकाच मजल्यावर गोळा होतात आणि स्ट्रेचरवाले खाली ताटकळतात. बसली जिन्यात, केलं गणित, काढलं कारण, आणि वडिलांकडून लिफ्टचं सेटिंग बदलून घेतलं! आणि अर्जासोबतच्या निबंधाचं पहिलं वाक्य? 'माझे बाबा सगळ्यांना वर पोचवतात आणि स्वतः जिन्याने जातात, कारण ते येतात तेव्हा लिफ्ट बंद असते.' अहो, मी बाथरूममध्ये जाऊन रडले! तिला एकच विद्यापीठ हवं होतं, जिथे शिकायचा-राहायचा सगळा खर्च तेच करतात. तिथे मिळालं तर मिळालं, नाहीतर घरीच. मी बसले, जुने निकाल पाहिले, शक्यता काढली. शंभरात चार. आणि ही भरपूर होती हो, खर्च मागणाऱ्या इतरांची अर्धीसुद्धा नसते! आकडा खरा होता!

तर तिची आई रडायलाच लागली. 'चार टक्के? माझ्या पोरीला? अहो, आजवर नव्वदच्या खाली आली नाही ती! पेपर परत तपासायला देता येतो का?' अहो, मार्क नाहीत हे, शक्यता आहे! 'म्हणजे नापासच ना?' ज्या घरात टक्के म्हणजे मार्कच, तिथे मी त्या पोरीच्या कपाळावर चार लिहून मोकळी झाले. दोन दिवसांत अख्ख्या बिल्डिंगला कळलं, लिफ्टवाल्यांच्या हुशार मुलीला चार टक्के पडले!

वडील शांत माणूस. म्हणाले, 'मॅडम, शंभरातून चारदाच वर पोचणारी लिफ्ट असली, तर मी काय करतो माहितीये? बंद आहे, जिना वापरा, अशी पाटी लावतो.' मी म्हटलं, काका, लिफ्ट पडली तर माणूस मरतो, इथे फार तर एक पत्र येईल! ते म्हणाले, 'पत्र तुम्हाला येत असेल. आमच्याकडे आलं तर बिल्डिंग वाचते.'

आता गंमत ऐका. त्याच आठवड्यात फरशीच्या व्यापाऱ्याचा मुलगा आला, त्याला आम्ही युवराज म्हणायचो. निबंध आम्हीच तीनदा दुरुस्त केलेला, पण टेनिस बरा खेळायचा आणि खर्च घरचा. शक्यता काढली. शंभरात चार! वडिलांना सांगितलं, तर टेबलावर थाप मारून म्हणतात कसे, 'चार टक्के सुटतायत? अहो, मी चार टक्क्यांवर अख्खा धंदा उभा केला! टाका अर्ज. दहा ठिकाणी टाका!'

टाकले. सरांनीही हूं की चूं केलं नाही, बापाला नाही कोण म्हणणार? आणि लागला हो! एका ठिकाणी लागला! दारात हार घालून फोटो, सर ज्याला त्याला सांगतायत, 'आम्ही पहिल्यापासून ओळखलं होतं!' आणि तिचा अर्ज? तारीख उलटून गेली. मी तीनदा फोन केला, तिसऱ्यांदा आई म्हणाली, 'राहू द्या मॅडम, तुम्ही वेळेवर सांगितलंत, उपकार झाले.' उपकार! आकडा खरा होता हो... कुणी म्हणा तरी, खोटा होता म्हणून!

काल ती आली, प्रमाणपत्रं परत न्यायला. इथल्याच कॉलेजात जाते आता. जाता जाता म्हणाली, 'ताई, तुमची किती होती?'

काढली मी माझी, तिच्यासमोरच. दोन.

'मग अर्ज कसा केलात?'

म्हटलं, 'अगं, मला कुणी सांगितलंच नव्हतं.'

हसली. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, 'बरोबर आहे. तुमच्या वेळी इथे तुम्ही नव्हता ना.'

तर आता, तुम्हाला सांगते, कुणी येऊन विचारलं, 'मॅडम, आमच्या पोराची शक्यता किती?', की मी पेन खाली ठेवते आणि आधी विचारते, 'वडील काय करतात?'... सर खूश आहेत. म्हणतात, 'आता शिकलात तुम्ही!'