भुलीतली जाग

बाई : त्या खुर्चीवर नको, टाचण्या आहेत. इकडे बसा.

डॉक्टर : उभाच बरा आहे. मी इथे आलोय हे आमच्या वकिलांना कळलं, तर ते माझं काम सोडतील.

नवरा : मग आलात कशाला? पित्ताशयाच्या ऑपरेशनला तुम्हीच भूल दिलीत ना हिला? दावा लावू नको म्हणून मी हातापाया पडलो. ऐकेल तर शपथ.

बाई : बोलू दे त्यांना.

डॉक्टर : ऑपरेशन चालू असताना तुम्ही जाग्या होतात, असं तुमचं म्हणणं आहे.

बाई : होतेच. पापणीसुद्धा हलेना. पण कापलेलं कळत होतं.

नवरा : स्वप्न गं ते. हॉस्पिटलनंच सांगितलं ना, भुलीत पडतात.

बाई : तुम्ही फोनवर होतात, डॉक्टर. टाकी गळतेय तर आधी कॉक बंद कर, म्हणालात कुणाला तरी.

डॉक्टर : प्लंबरला. बोलण्याच्या नादात यंत्रातलं भुलीचं औषध संपलेलं दिसलंच नाही मला. दिसल्यावर भरलं. पण अंग सैल पडायचं इंजेक्शन आधीच दिलेलं, म्हणून तुम्हाला हलता आलं नाही. स्वप्न नव्हतं ते.

नवरा : काय सांगताय?

डॉक्टर : तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलं नाही. आता कोर्टात सांगणार आहे.

बाई : इतके महिने गप्प होतात. आज काय झालं?

डॉक्टर : काल वकील म्हणाले, घाबरू नका, बाई मुळातच मनानं कच्ची आहे, तिचा नवराच म्हणतो. हे ऐकलं आणि मला बसवेना तिथे.

बाई : कोण म्हणतो?

नवरा : अगं, हॉस्पिटलमधून फोन आला होता. तू आईकडे होतीस. मी आपलं सहज म्हणालो, जरा घाबरट आहे, मनाला फार लावून घेते.

बाई : सहज.

नवरा : मला वाटलं, मिटेल एकदाचं. चार लोकांत तमाशा नको.

डॉक्टर : मी निघतो, बाई. माफी मागायला तोंड नाही मला.

बाई : कोर्टात या. तेवढं पुरे.

नवरा : गेले ते. काहीतरी बोल ना.

बाई : रात्र रात्र मी उठून बसायचे, आणि तू कूस बदलायचास. मलाच वाटायला लागलं होतं, खरंच वेड लागलं की काय.

नवरा : चुकलं माझं. तारखेला मीही येतो. काय बोललो ते सगळं सांगतो.

बाई : ये. पण तुझा तू ये.