मोहाखाली सायाळ

हसा भाऊ, हसा. सायाळीपायी रस्ता बंद आहे म्हटलं की सगळेच हसतात. सकाळी दूधवालाही हसला, पण मागं फिरला. तुमीही फिरा. देवरीलेच जायचं आहे ना? मग हायवेनं जा, अर्धा घंटा जास्त लागेल, दुसरं काय? नाही, नाक्याचा दांडा वर नाही होणार. योगराजभाऊ, आमचे जंगलखात्याचे गार्ड, सांगून गेले — खुशबू, कोणालेच सोडू नको, मंत्री आला तरी. आणि गाडी बंद करा आधी. बंद करा ना! मले काही ऐकू नाही येऊन राहिलं — नाही, तुमचं नाही. तिकडचं. जंगलातलं.

तर तुमी म्हणता, उंदराच्या जातीचं जनावर, त्याले कायले भ्यायचं? जात बरोबर ओळखली, एवढं मानलं तुमाले. मी बीएस्सी केलं आहे, झूलॉजी; गावातल्या बाया म्हणतात, पोट्टी शिकून उंदरं मोजते. मोजते! काऊन नाही मोजायचं? सहा कोटी वर्षांमागं, ते डायनासोर मेल्यावर, मुठीत मावेल असं एक जनावर होतं, समोरचे दात जन्मभर वाढणारे — कुरतडणं थांबवलं तर दातच त्याचा जीव घेतील. एवढंच त्याचं भांडवल, आणि जग रिकामं पडलेलं. मग एक बांधाच्या भेगेत शिरलं, ते अंगठ्याएवढंच राहिलं. एकानं बांधच पोखरले, त्याची घूस झाली. एक झाडावर गेलं, त्याची खार झाली, त्या खारीतली एक तर उडालीसुद्धा — आहे ना नागझिऱ्यात, अंगाची कातडी चादरीसारखी पसरते आणि ह्या झाडावरून त्या झाडावर. दूर तिकडं दक्षिण अमेरिकेत डुकराएवढं एक आहे, पाण्यात बसून राहते. बैलाएवढंही एक होऊन गेलं, हाडं सापडली त्याची. खोटं वाटते? ज्याले जशी जागा भेटली तसं त्याचं अंग झालं, लाखो वर्षं लागली, पण झालं. आणि एक जमिनीवरच राहिलं. अंगानं जड, पळायले हळू — त्याचे केसच काटे झाले, तीच ही सायाळ. उंदराच्या घरातलं पोर, आणि वाघाले मागं हटवते! हे शिकली तेव्हा मले इतका आनंद झाला होता, भाऊ, होस्टेलभर सांगत फिरली. परवापर्यंत होता तो आनंद.

परवा नाल्याच्या वाळूत वाघाचे पाय दिसले — तीन नीट उमटलेले, चौथा घासत गेलेला. बाजूले काटे, तुटलेले, रक्त लागलेले. तळव्यात काटा गेला की निघत नाही, पिकते. मग हरणामागं धावता येत नाही त्याले. मग तो काय शोधते? हळू चालणारं. वाकलेलं. समजून राहिलं का? आता मोहाची फुलं पडून राहिली. सायाळीले मोहफूल आवडते, रात्री येते, खाते. वाघ तिच्या वासानं त्याच झाडाखाली येते. आणि उजाडायच्या आधी तिथं कोण येते, टोपली घेऊन, घंटा-घंटा वाकून? वाकलेला माणूस वाघाले माणूस नाही दिसत, भाऊ. चार पायांचं काहीतरी दिसते.

हेच सगळं मी काल भोंग्यावर ओरडून सांगितलं, गावभर. माझी माय समोरच उभी होती, हसत — अशीच, तुमी आता हसले तशी. घरी येऊन म्हणते, मोह माझ्या सासूपासून आमचा आहे, आज नाही वेचला तर तुझी सायाळच खाऊन जाईल. उंदराले भिऊन घरी बसू का? मी म्हटलं, बस ना माय, एक दिवस बस. बाकीच्या बाया बसल्या. ती माझी झोप उघडायच्या आधीच गेली.

येईल ती. टोपली भरल्याशिवाय उठतच नाही, तेच तर. भरली की डोक्यावर, एक हात कमरेवर, आणि मोठ्यानं गाणं — दुरून वळखू येते. योगराजभाऊ आणि पोरं गेले आहेत पाहायले. मले इथं ठेवलं. म्हणे, नाक्यावर कोणीतरी पाहिजेच. मले समजत नाही का काऊन ठेवलं ते? — नाही, पाणी नको मले. तुमी प्या.

वानरं केव्हाची ओरडून राहिली होती, आता गप्प झाली. — थांबा, बोलू नका. येऊन राहिलं कोणीतरी, त्या सागाच्या मागून. टोपली आहे. मायचीच आहे, निळा काठ मीच बांधला तिले. पाहा, म्हटलं नव्हतं मी, टोपली भरल्याशिवाय —

डोक्यावर नाही.

योगराजभाऊच्या हातात आहे. रिकामी.

तुमी जा, भाऊ. गाडी चालू नका करू, मले अजून ऐकायचं आहे. ढकलत न्या.