ह्याचा मी मस्तपैकी...

...नाही, मला सांगा, मंगळवार हा काय वार आहे हो? सोमवारला निदान कंटाळा असतो, शुक्रवारला हुरूप असतो, मंगळवारला काय असतं? आमच्याकडे मंगळवार म्हणजे कचऱ्याचा दिवस. सकाळी ते चाकांचे डबे रस्त्यावर ढकलायचे, संध्याकाळी आत ओढायचे, झाला मंगळवार! तर त्या मंगळवारी, तुम्हाला सांगते, मी कणीक मळत होते आणि भांडणाची तयारी करत होते. हो, तयारी! एवढ्या वर्षांच्या संसारात मी बिनतयारीची कधी भांडले नाही. माझं पहिलं वाक्य काय, त्यावर हे काय म्हणणार, त्यावर माझं दुसरं काय, कुठे गप्प बसायचं, कुठे पातेलं जरा जोरात ठेवायचं... सगळं बसवलेलं असायचं. त्या दिवशीचं पहिलं वाक्य होतं, 'अहो, ह्या घरात एक तर मी राहीन, नाहीतर तुमची लाकडं राहतील!' काय वाक्य होतं हो! मी दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. आणि तेवढ्यात फोन वाजला. ह्यांच्या वेअरहाउसमधून. बुटाची लेस बांधायला एका पॅलेटवर बसले म्हणे, आणि उठलेच नाहीत.

कणीक तशीच राहिली परातीत.

असो. मला सांगायचंय ते लाकडांचं. पॅलेट म्हणजे काय माहितीय ना? माल ठेवायची ती लाकडी चौकट, खालून फोर्कलिफ्टचे दात घालून उचलतात ती. स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये, म्हणजे गोदामांच्या वसाहतीत, ह्यांची नोकरी, तिथं ती मोडकीतोडकी पडून असायची, कुणीही न्यावीत. आणि हे कुणीही! 'फुकट आहेत गं, जाळून टाकतात, चांगलं लाकूड!' रोज संध्याकाळी गाडीच्या टपावर दोरीनं बांधून एक पॅलेट घरी. नवरा ऑफिसातून येताना काय आणतो? गजरा नको, पण निदान दूध? आमच्याकडे पॅलेट! बागेत ढीग लागला. वाळत घालायच्या दोरीपर्यंत जायचं तर अंग चोरून जायचं. माझ्या कोथिंबिरीवर एक आडवं टाकलेलं. आणि प्रत्येकावर शिक्का, एच टी, एच टी. मराठीत वाचलं तर 'हट'! माझ्याच बागेत मला जिकडेतिकडे हट!

आता तुम्ही म्हणाल, बाई, नवऱ्याला विचारायचं की, ह्याचं करणार काय? अहो, सांगितलं की त्यांनी! तोच तर घोळ आहे! सांगितलं, पण...

हाउन्सलोमध्ये राहिलायत कधी तुम्ही? नाही ना? मग तुम्हाला कळायचं नाही. विमानतळ शेजारीच, आमच्या घरावरनं विमानं जातात. जवळनं नाही, वरनं! खिडकीतनं पायलटचा चष्मा दिसतो. ते कानठळ्या बसवणारं काँकॉर्ड विमान बंद झालं तेव्हा वाटलं होतं आता जरा शांतता, पण कुठली? त्यामुळे आम्हा हाउन्सलोकरांची बोलायची एक पद्धत आहे. वाक्य अर्धं झालं की विमान येतं, मग तोंड तसंच उघडं ठेवायचं, विमान जाऊ द्यायचं आणि पुढच्या शब्दापासून पुन्हा सुरू करायचं. 'मी काल सुचेताकडे...' घूंऽऽऽ '...गेले होते.' आम्हाला काही वाटत नाही त्याचं. निवेदिता, आमची मुलगी, लहानपणी पुण्याला गेली तर मधेच थांबायची वाक्यात, सवयीनं. आजी म्हणायची, पोरीला काय होतंय?

तर त्या मंगळवारच्या आधीचा रविवार. हे ढिगापाशी उभे, कमरेवर हात, चेहरा असा की जणू किल्ला जिंकलाय. म्हणाले, 'ह्याचा मी मस्तपैकी...' आणि वरनं विमान गेलं!

आणि हे थांबले नाहीत हो! एवढी वर्षं हाउन्सलोत काढलेला माणूस, पण त्या दिवशी उत्साहाच्या भरात बोलतच सुटले. हातवारे काय, इकडे बोट काय, तिकडे बोट काय, हसले काय! विमान गेलं तेव्हा ह्यांचं बोलणं संपलेलं, आणि भुवया उंचावून माझ्याकडे पाहतायत, कशी वाटली आयडिया? मी म्हटलं, 'हं.' दुसरं काय म्हणणार? पुन्हा विचारलं असतं तर त्यांना वाटलं असतं हिला गोडी लागली. आणि मला तर दोन दिवसांनी भांडायचं होतं!

म्हणजे माझ्या हातात काय राहिलं? एक 'चा'. ह्याचा. ह्याची नाही, ह्याचं नाही, ह्याचा! आता मी शनिवारी मंडळाच्या शाळेत इथल्या मुलांना मराठी शिकवते. तो-ती-ते हा माझा धंदा आहे. तेव्हा एवढं पक्कं, की जे काही होतं ते पुल्लिंगी होतं. पण मराठीत पुल्लिंगी काय थोडं आहे का? भांडी घासताना सुरू व्हायचं डोक्यात. झोपाळा? कट्टा? ओटा? देव्हारा? मांडव? जिना? जिना कशाला करेल हा माणूस, कुठे जायचं होतं वर?

...हं.

मग लोक यायला लागले भेटायला. यायचे, बसायचे, गप्प व्हायचे. आणि गप्प बसून माणूस कुठे बघतो? खिडकीबाहेर! आणि खिडकीबाहेर काय? 'वहिनी, ही लाकडं...?' झालं सुरू! सतीशभाऊजी, ह्यांच्याबरोबर स्लाऊलाच होते, ते म्हणाले, 'वहिनी, भाजीचा वाफा! चारी बाजूंनी फळ्या ठोकायच्या, आत माती, मेथी लावा, मुळा लावा.' मी विचार केला, वाफा, तो वाफा, चा बसतो! पण मेथी निवडायला लागू नये म्हणून जो माणूस जेवणाच्या वेळेपर्यंत वरच्या खोलीत लपायचा, तो मेथीचा वाफा करेल? शेजारची मॉरीन म्हणाली, डेकिंग! तेव्हा इथं डेकिंगची साथच आली होती, टीव्हीवर बघून जो तो आपल्या बागेला लाकडी तक्तपोशी करत सुटलेला. 'यू कुड सिट आउट, लव्ह. अहो वुड हॅव लव्ह्ड इट.'

अहो! हे ऐका. मॉरीनला एवढी वर्षं वाटत होतं की ह्यांचं नावच अहो आहे. कुंपणापलीकडून दिवसभर तेच ऐकलेलं ना बिचारीनं! कार्ड आणलं तिनं, त्यावर सुबक अक्षरात, 'सो सॉरी टु हिअर अबाउट अहो.' आता त्या वेळी मी तिला काय सांगू, की बाई, नाव जयंत, अहो हे नाव नाही, अहो हे... काय आहे हो अहो? मला तरी कुठे सांगता येतंय? मी म्हटलं, थँक यू, मॉरीन.

आणि निवेदिता म्हणे, 'आई, मेमोरियल बेंच कर. विथ अ प्लॅक. बाबाला ही जागा आवडायची.' आवडायची? विमानांना शिव्या घालायचे रोज! मी विचारलं, 'निवी, बेंच तो की ते?' 'व्हॉट?' 'तो बेंच की ते बेंच? त्यावर सगळं अवलंबून आहे.' माझ्याकडे बघितलं तिनं, आणि आत जाऊन सतीशभाऊजींना इंग्रजीत म्हणाली, मला वाटतं आईनं जरा झोपायला हवं.

मग आला दहावा. दहावा तरी कसला, इथं अंत्यसंस्कारालाच तारीख मिळते आठवड्यानं, दहावा मोजायचा कुठून? आमचे अवधूत गुरुजी म्हणाले, 'काकू, शनिवार धरू, मला सुट्टी असते.' गुरुजी म्हणजे तिशीतला मुलगा, पुण्याचा, बँकेत सॉफ्टवेअर करतो, आणि वडिलांकडून पौरोहित्य शिकलाय. विधी केले सगळे. पिंड ठेवायचा कुठे? उंच, सपाट, उघड्यावर. बागेत तशी एकच जागा! पॅलेटच्या ढिगावर पान मांडलं, त्यावर भात, आणि आम्ही सगळे बागेच्या दारात कावळ्याची वाट बघत उभे.

कावळा आला. हाउन्सलोत कावळ्यांना तोटा नाही. मॉरीनच्या अँटेनावर येऊन बसला. 'आई, कावळा आली!' 'आला, निवी, आला.' आला आणि बसला. पिंडाकडे पाहीना. मान फिरवून विमानतळाकडे बघतोय! गुरुजी हळूच म्हणाले, 'काही इच्छा राहिलीय का काकांची? मनात म्हणा, पुरी करू म्हणून. शिवेल.'

आता आली का पंचाईत! इच्छा राहिलीय हो, पण कोणती? एक 'चा' राहिलाय!

सतीशभाऊजींनी हात जोडले, 'जयंता, ह्याचा मेथीचा वाफा करू रे!' कावळ्यानं पंख झाडले. मी म्हटलंच होतं, मेथी नाही! मॉरीन कुंपणावरून विचारते, काय चाललंय? निवेदितानं सांगितलं, तर तिनंही डोळे मिटून छातीवर हात ठेवला, 'डेकिंग, अहो!' निवेदिता लगेच भाषांतर करते, 'बाबा, मॉरीन म्हणते ह्याचा डेकिंग करू.' 'ह्याचं! डेकिंग नपुंसकलिंगी आहे!' 'आई, नॉट नाऊ!' 'मग कधी? नपुंसकलिंगी असेल तर ते नाहीच आहे ना!' 'बरं, ह्याची बेंच करू बाबा!' 'निवी, बेंच ती नाही गं!' 'चा, ची, चं, व्हॉटेवर! बाबा समजेल!' आणि रडायला लागली पोर. मी तिला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावरून, तुम्हाला सांगते, तोंडातून निघालंच, '...समजतील.' सवय हो!

गुरुजी घड्याळ बघायला लागले. 'काकू, तुळशीवृंदावन म्हणू का?' म्हटलं, 'ते चं आहे.' 'मग दर्भाचा कावळा करून शिववू या का? शास्त्रात सोय आहे. काय आहे, दोनला माझा कॉल आहे, शनिवारीसुद्धा सोडत नाहीत.' सतीशभाऊजी म्हणाले, अजून पाच मिनिटं थांबू. सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहजिक आहे, माझ्याइतकं ह्यांच्या मनातलं कुणाला ठाऊक? म्हणजे असं सगळ्यांना वाटत होतं. मला काय ठाऊक होतं ते मी सांगितलंय तुम्हाला.

मी गेले ढिगापाशी. कोथिंबिरीवरून पाय टाकून, अंग चोरून. पांढरा भात, त्याखाली ते पॅलेट, त्यावर हट. कट्टा म्हणू? झोपाळा म्हणू? आणि चुकलं तर? वाफ्यापायी माणूस अडकून पडायचा! आणि तेवढ्यात काय झालं कुणास ठाऊक, मला ते पहिलं वाक्य आठवलं. पाठच होतं ना! मी अगदी हळू म्हटलं, 'अहो... ह्याचा तुमचा जो काय असेल तो असो. मला ऐकू आलं नाही. पण माझं एक भांडण तयार आहे. चांगलं बसलंय. तुमच्याशिवाय कुणाशी करता येण्यासारखं नाही. मी करीन एक दिवस सावकाश, तुम्ही तेवढं ऐकून घ्या...'

आणि वरनं विमान गेलं!

घूंऽऽऽ! सगळ्यांच्या माना वर. माझीसुद्धा. एवढ्या वर्षांची सवय! विमान गेलं, माना खाली आल्या, आणि पान रिकामं!

सतीशभाऊजी ओरडले, 'शिवला!' मॉरीन म्हणे, खार होती, शेपूट दिसली. निवेदिता म्हणे, मांजर, मॉरीनचीच. मी तर ढिगाच्या पुढ्यात उभी, मला काहीच दिसलं नाही! गुरुजींनी पिशवी भरली. 'काकू, शिवला असं धरू.' आणि गेले कॉलला.

आता मी धरलंय तसंच. पण डोकं सोडत नाही ना! समजा, कावळाच होता. तर मग तो शिवला कशावर? इच्छा वाफ्याची नव्हती, डेकिंगची नव्हती, बेंचची नव्हती. मी तर फक्त भांडते म्हटलं! म्हणजे ह्या माणसाचा जीव अडकला होता तो कशात? माझ्या भांडणात? पण भांडण तर नपुंसकलिंगी! ते भांडण! ह्याचं! मग तो 'चा' कुठला? की तो 'चा' मीच चुकीचा ऐकला? तुम्हाला काही सुचतंय? मला तर आता 'चा'ची पण खात्री राहिली नाही.

लोक अजून विचारतात, काय केलंस गं त्या लाकडांचं? काही नाही. आहेत तशीच. पावसानं काळी पडलीत. निवेदिता आली की वर चढून बसते, म्हणजे बाक. मॉरीनची मांजर ऊन खात पडते, म्हणजे तिच्यापुरतं डेकिंग. त्या आडव्या पॅलेटच्या फटींतून कोथिंबीर आपली आपण वर आलीय, म्हणजे वाफा झाला म्हणायचा का? मी संध्याकाळी चहा घेऊन तिथं टेकते. सगळं ओळीनं पाठ आहे अजून, कुठे थांबायचं, कुठे पातेलं ठेवायचं. तोंड उघडते, 'अहो...' म्हणते, पलीकडे मॉरीनची खिडकी उघडते, आणि वरनं विमान जातं.

भांडण तेवढं अजून करायचं राहिलंय.