तीन देशांचे रोट

...नाही, तुम्हीच सांगा, हा काय घास आहे? चावता चावता दाढ हलली माझी! आमची कानबाई देवी उठून, विसर्जन होऊन आठवडा होत आला, आणि मी, देवपूरचा अभिमन, अजून पिंप्राळ्यात, चुलतभावाच्या घरी, प्रसादाचे वाळके रोट, त्या जाड पोळ्या, चघळत बसलोय. कशापायी? तर एका विमानापायी! शी! आणि विमान कुठंय? कागदावर!

तुम्हाला सांगतो, हा चुलतभाऊ प्रेमराज म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. पलंगाला लागते ना नवार, ती विणायचा त्याचा कारखाना, बरं चाललेलं. तेवढ्यात कुठून तरी कानावर आलं, तीन देश मिळून लष्कराचं माल नेणारं विमान बनवतायत, एक आपला, दोन परके, आणि आतला माल बांधायला पट्टे लागणार. झालं! ह्याने मागावरची नवार उतरवली आणि विमानाचा पट्टा चढवला. वर आईला, भागाबाईला, छाती फुगवून सांगितलं, "आई, आपला पट्टा आभाळात जाणार!" तेव्हापासून म्हातारीचं जेवताना, झोपताना एकच, "प्रेमराज, इमान कव्हय उडी रे भाऊ?"

उडतंय कसलं! पट्ट्याला तिन्ही देशांचा होकार पाहिजे, आणि त्या तिघांचं एका गोष्टीवर जमेल तर शपथ! परक्यांतला एक, ताडासारखा लांब साहेब, म्हणणार, "पट्टा रुंद हवा, आमचा रणगाडा जड." दुसरा परका, टकला साहेब, नाकातून, "नो नो, अरुंद! आम्ही रणगाडा नेणारच नाही, आम्ही दवाखाना नेणार!" आणि आपला दिल्लीवाला? चष्मा पुसत, "दोघांचंही बरोबर आहे, वर विचारून सांगतो." वर कुठं विचारतो रे बाबा? प्रेमराजने रुंद विणला, अरुंद विणला, पुन्हा रुंद विणला... पंख एका देशात, शेपूट दुसऱ्यात, चाकं आपल्याकडं, एकाचा स्क्रू इंचात तर दुसऱ्याचं भोक मिलिमीटरात, आणि ह्याला म्हणे सहकार्य! थू! आमच्या सामाईक विहिरीवर ह्याहून कमी भांडणं होतात. आणि विमान कुठंय? कागदावर!

गेल्या वर्षी तिघं पट्टा बघायला आले, ते नेमके कानबाईच्या रविवारी! घरात अख्खी भावकी. आता कानबाईचे रोट म्हणजे कसं, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, आणि झालेले रोट भावकीनेच संपवायचे. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही. बांधावरून वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारे आमचे हितेंद्र आणि योगराज, तेसुद्धा त्या दिवशी एका पंगतीला. आणि पुढच्या खोलीत ह्या तिघांचं चाललंय रुंद-अरुंद, रुंद-अरुंद! प्रेमराज पट्टा धरून उभा, घामाने थबथबलेला, मला वाटलं हा आता रडतो. दुपार टळली आणि लांब साहेबाला लागली भूक. उठला, तडक आत आला, परातीतला रोट उचलला, तीन तुकडे केले, दोघांना दिले... आणि गट्टम!

सगळे गार! प्रेमराजची बायको दिपमाला तर "वं माय!" म्हणून खालीच बसली. पण भागाबाई? तिने पदर सावरला, देवीला हात जोडले आणि म्हणाली, "काही कोपत नही कानबाई. ह्या बठ्ठा आते आपला भावकीना शेतस!" म्हणजे, हे सगळे आता आपल्या भावकीतले! तिघांना कुंकूसुद्धा लावलं! आणि काय सांगू, पोटात रोट गेला आणि ते एका पंगतीला बसले, हसले, आणि एकाच पट्ट्यावर तिघांनी सह्या ठोकल्या! प्रेमराज ढसाढसा रडला हो. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

पण भावकी ती भावकीच! महिना झाला नाही तोच लांब साहेब टकल्याशी बोलेना. टकला म्हणे, पंख माझ्या हिश्शाचे. दिल्लीवाला म्हणे, मी थोरला, मला विचारलंच नाही. शेवटी वाटणी! ज्याचं त्याने वेगळं विमान करायचं ठरलं, आणि एकाचंही झालं नाही. प्रेमराजने तो मंजूर पट्टा आईच्या पलंगाला विणला. रणगाडा पेलणारा पट्टा, आणि त्याच्यावर निजते ही मूठभर म्हातारी! छताकडे बघत विचारते, "कव्हय उडी रे भाऊ?" आणि हा मान फिरवून मागावर जाऊन बसतो.

तरी म्हातारीची आशा बघा! यंदा तिने त्या तिघांच्या नावानेही सव्वा-सव्वा मूठ गहू घेतले. "येतीन. भावकी कानबाईले येसच." प्रेमराजने मुकाट्याने तिघांना फोन लावले. तिघांचं उत्तर एकच, "तो येणार असेल, तर मी येत नाही." विमानात कधी जमलं नाही, पण इथं बरोबर एकमत!

आता रोट टाकायचे नाहीत, उरवायचे नाहीत, बाहेर द्यायचे नाहीत. म्हणून तीन देशांचे रोट आम्ही दोघं भाऊ चघळतोय. तुम्ही एवढं ऐकून घेतलंत, वाटतं द्यावा तुम्हालाही एक तुकडा... पण नको. तुम्ही भावकीत आलात, की आपलं हे बोलणंसुद्धा बंद व्हायचं!