घरातला पगार

धाकटी : सत्त्याऐंशी साल उजाडून चार महिने झाले, वहिनी, आणि आपल्या घरात सगळं अजून शहाऐंशीच्याच भावानं चाललंय. दूध वाढलं, रॉकेल वाढलं. माझ्या हातावर पडणारे वरखर्चाचे वीस मात्र तेवढेच.

थोरली : मला आधी चपला तर काढू दे गं. सबंध रात्र वॉर्डात उभी होते.

धाकटी : काढा की. चहा ठेवलाय. पण आज मला उत्तर हवंय. चष्मेवाला दुपारपर्यंतच थांबणार आहे.

थोरली : कुठला चष्मेवाला?

धाकटी : अण्णांची काच बदलायला गेले होते ना, तो. त्याची मुलगी गल्ल्यावर बसायची, ती लग्न होऊन गेली. मला म्हणाला, ताई, तुम्ही हिशेबाला पक्क्या दिसता, येता का? सकाळी दहा ते संध्याकाळी सात. साडेचारशे देतो.

थोरली : आणि मुलं? अण्णांचं कोण करणार?

धाकटी : तेच विचारायला तुमची वाट बघत बसले. मुलं तुमची, सासरे दोघींचे.

थोरली : मुलं माझी, असं कधी म्हटलंस आजवर?

धाकटी : आज म्हटलं. सहा वर्षं झाली या घरात येऊन. मला मूल नाही, म्हणजे मी रिकामी, असं सगळ्यांनी मिळून न बोलताच ठरवून टाकलंत. बंड्याची शाळा मी, छकुलीचा ताप मी, अण्णांची कूस मी. माझं काही म्हणणं नाही. माया आहे म्हणूनच करते. पण मायेची मनीऑर्डर होत नाही, वहिनी.

थोरली : कुणाला करायचीय मनीऑर्डर?

धाकटी : आईला. महिन्याला शंभर. छप्पर गळतंय, एक डोळा गेलाय, शेजारीण ताट आणून देते म्हणून चाललंय. ती शेजारीण तरी किती दिवस देणार?

थोरली : अगं, मग मला सांगायचंस. मी दिले असते.

धाकटी : हेच. हेच नकोय मला. 'सांगायचंस, दिले असते.'

थोरली : मी कधी तुला नाही म्हटलंय?

धाकटी : कधीच नाही. म्हणून तर मागायला जास्त लाज वाटते. तुम्ही एकदा जरी खेकसला असता ना, तर मी भांडून घेतले असते.

थोरली : भावोजींना सांगून बघितलंस?

धाकटी : तुमच्या भावोजींना! महिन्यातले वीस दिवस पिशवी घेऊन गावोगाव साबण विकतात, आणि आले की निम्मा पगार प्रवासात गेला म्हणतात. त्यांच्याकडे मागायचं म्हणजे उपाशानं उपाशाच्या घरी जेवायला जायचं.

थोरली : चहा दे. बसू दे मला जरा... हे बघ. तू दुकानात गेलीस तर मला नोकरी सोडावी लागेल, नाहीतर बाई ठेवावी लागेल. अण्णांना उचलून बसवणारी बाई तीनशेच्या खाली येत नाही.

धाकटी : तुम्हाला कसं ठाऊक?

थोरली : तू तापानं पडली होतीस ना, तेव्हा वॉर्डातल्या आयाला विचारून ठेवलं होतं. पाळणाघर दोघा पोरांचं दोनशे. झाले पाचशे. शिवाय परकी बाई. मग मी म्हणते, ते पैसे बाहेर कशाला घालवायचे? साडेचारशे मी तुलाच देते. दर एक तारखेला.

धाकटी : काय म्हणालात?

थोरली : पगार. तुला.

धाकटी : वा! म्हणजे इतके दिवस जाऊ होते, आता बढती मिळून मोलकरीण झाले. उद्या हातून कपबशी फुटली तर कापून घ्याल का?

थोरली : तसं नाही गं...

धाकटी : मग कसं? घरात पगार! आळीत कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तुम्हालाही आणि मलाही.

थोरली : मीही हाकेला धावतेच ना? आणि पैसे घेऊनच धावते. काल रात्री एका म्हाताऱ्याची किती वेळा कूस बदलली. पहाटे माझा हात धरून झोपला तो. पगार घेते म्हणून त्या हातात माया नव्हती, असं म्हणशील?

धाकटी : तो तुमचा सासरा नव्हता.

थोरली : नव्हता. पण दमायला तेवढंच होतं. माझं डोकं चालत नाहीये आता. तुला दुसरं सुचत असेल तर तू सांग.

अण्णा : (आतल्या खोलीतून) माझा काय भाव निघाला?

थोरली : अण्णा, तुम्ही जागे आहात?

अण्णा : या घरात दोन भिंती, एक दार. त्या दाराला कडी नाही. तीनशे ना? निम्मं अंग लुळं असताना तीनशे म्हणजे बराच चढा भाव आहे.

धाकटी : तुम्ही नका हो मनाला लावून घेऊ. आमचं आपलं असंच चाललं होतं.

अण्णा : असंच नव्हतं चाललं. दोघी आत या. मला मोठ्यानं बोलवत नाही.

थोरली : आलो. ही उशी जरा वर घेते. हं, बोला.

अण्णा : धाकटे, पगार घे.

धाकटी : अण्णा, तुम्हीसुद्धा?

अण्णा : घे म्हणतो ना.

धाकटी : बरं. पोरांचे घेईन. शाळेत नेणं-आणणं, खाणंपिणं, अभ्यास. त्याचे काय ते ठरवा. पण तुमच्या सेवेचे नाही घेणार. वडीलधाऱ्या माणसाचं करायचे पैसे घेतले तर मला घास गिळायचा नाही.

अण्णा : तुला घास जायचा नाही. मला पाणी जात नाही, त्याचं काय?

धाकटी : असं काय बोलता? भांडं भरून उशाशी ठेवते रोज. झाकणसुद्धा ठेवते.

अण्णा : ठेवतेस. मी पीत नाही. तुमचं जेवण उरकलं की संध्याकाळपर्यंत थेंब नाही. प्यायलो की लघवीचं भांडं लावायला तुला उठवावं लागतं. दुपारी घटकाभर तुझी पाठ टेकते. मी पडल्या पडल्या ऐकतो ना, किती लवकर घोरायला लागतेस ते.

धाकटी : मी घोरत नाही हं.

अण्णा : घोरतेस. छान घोरतेस.

थोरली : अण्णा, कधीपासून चाललंय हे?

अण्णा : उन्हं तापली तेव्हापासून.

थोरली : म्हणून मागच्या महिन्यात लघवीला जळजळ झाली तुम्हाला! म्हणून ताप आला! मी नर्स आहे हो. घरात नर्स असताना माणूस तहानेनं आजारी पडतो? मला सांगायचं नाही?

अण्णा : तुला कधी सांगू? तू आलीस की झोपतेस, उठलीस की जातेस. आणि मी पाणीखात्यातला माणूस. जन्मभर लोकांचे मीटर वाचले. कोण किती पाणी पितं याची वाच्यता करायची नाही, ही आमची शिस्त.

धाकटी : अण्णा, चेष्टा पुरे. हाक का नाही मारलीत? मी कधी ओ दिली नाही का?

अण्णा : कधीच चुकली नाहीस. मघाशी तू हिला काय म्हणालीस? नाही म्हणत नाही म्हणून मागायला लाज वाटते. माझंही तेच. सुनेला हाक मारताना दहादा विचार करावा लागतो. पगारी माणसाला नाही लागत. मी चाकरी केलीय. पगार घेतला की साहेबाच्या हाकेला जायचं, आणि सुट्टीच्या दिवशी साहेब गेला खड्ड्यात.

थोरली : सुट्टी?

अण्णा : मग? रविवारी हिला सुट्टी. त्या दिवशी तू बघ, नाहीतर माझे दोन दिवटे बघतील. थोरला दर शनिवारी येतोच बाहेरगावच्या कामावरून. बापाची चादर बदलायला त्याला कुणी मनाई केलीय?

थोरली : त्यांना उलटी होईल, अण्णा.

अण्णा : होऊ दे. तीही तोच पुसेल.

धाकटी : पण तुमच्या सेवेचे पैसे कुठून आणायचे? वहिनींनी एकटीनं किती ओढायचं?

अण्णा : माझं पेन्शन येतं ना? सगळं घरात देतो मी. त्यातले दीडशे बाजूला काढा. तीनशे थोरलीनं पोरांचे द्यावेत. चष्मेवाल्याची बरोबरी झाली.

थोरली : म्हणजे घरखर्चात दीडशे कमी पडणार.

अण्णा : पडणार.

थोरली : फ्रिजचं मग पुढच्या वर्षी बघू... का त्याच्या पुढच्या. बरं. चालेल.

धाकटी : आणि माझे वरखर्चाचे वीस?

थोरली : ते आता कशाला?

धाकटी : ते जावेचे. हे पगाराचे.

थोरली : घे बाई, तेही घे. तो चष्मेवाला म्हणाला ते खोटं नाही.

धाकटी : आणि यांना? दोघा भावांना काय सांगायचं?

थोरली : सांगायचं. विचारायचं नाही.

धाकटी : मग मी जाऊन येते. नाही म्हणून सांगते त्याला.

थोरली : थांब. एक विचारू? तुला नुसते पैसेच हवे होते, की जायचंही होतं?

धाकटी : जायचं होतं थोडं. त्याच्याकडे भिंतभर आरसे आहेत. माणसं येतात, नाकावर चष्मे चढवून बघतात, आपल्याला विचारतात, बरा दिसतो का? सहा वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं असं.

थोरली : ते कशात धरायचं?

धाकटी : ते राहू द्या. झोपा तुम्ही. बंड्याला मी सोडते शाळेत, तसंच पुढे जाते.

अण्णा : धाकटे.

धाकटी : ओ.

अण्णा : जायच्या आधी पाणी दे.

*

थोरली : तुझा पगार ठरला त्याला बत्तीस वर्षं झाली बघ. आणि छकुली आज फोनवर काय म्हणाली माहितीये? काकूला विचार, माझ्या बाळाला सांभाळायला येईल का, महिन्याचं ठरवून देईन म्हणाली.

धाकटी : तिला म्हणावं, माझा भाव आता तुला झेपायचा नाही. आणि रविवारी सुट्टी.

थोरली : अण्णांनी त्यानंतर किती काढली गं? चार वर्षं?

धाकटी : साडेतीन. आणि काय त्या हाका! पहिल्या आठवड्यात मला वाटलं, झक मारली आणि पगार घेतला. पाणी दे, खिडकी उघड, खिडकी लाव. पण त्यांच्या अंगावर तुकतुकी आली होती शेवटी.

थोरली : चादर मात्र तुझ्या भावोजींनी दोनदाच बदलली.

धाकटी : आमच्या ह्यांनी एकदाही नाही. नेमका रविवार बघून फिरतीवर जायचे. गेले बिचारे, काय बोलायचं आता.

थोरली : मी सुपरवायझर होऊन निवृत्त झाले, बंड्या लांब गेला, फ्रिज आला तो ब्याण्णवला. मला पेन्शन आहे. तुला काहीच नाही, हे मला कधी कधी रात्री सलतं.

धाकटी : मला तुम्ही देताय की अजून जावेचे. वीसचे हजार झाले, एवढंच.

थोरली : तुझी आई कधी गेली गं? मला साल आठवत नाही.

धाकटी : नव्व्याण्णव. तोवर एकही महिना चुकवला नाही मी. छप्पर झालं, डोळ्याचं ऑपरेशन झालं. सगळ्या गल्लीला सांगत फिरायची, जावई पाठवतो म्हणून.

थोरली : मग तू सांगितलं नाहीस तिला, तुझे आहेत ते?

धाकटी : सांगितलं ना. दोनदा सांगितलं. हसली. म्हणाली, घरच्या कामाचे कुठे कुणी पैसे देतं का, वेडे?