कुलूपवाला आतच आहे

…नाही, पण मला एक सांगा, स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीच्या पलंगाखाली, पोटावर पडून, हातात आठवड्यापूर्वीचा जेवणाचा डबा धरून, श्वास रोखून बसायची वेळ कुणावर येते का? माझ्यावर आली. आणि तसा पडलेलो असताना ऐकू काय यावं? खट्… खट्. दोनदा! दोनदा म्हणजे कुलूप पुरतं लागलं. मला आवाजावरून कळतं, कारण ते कुलूप मीच बसवलंय. दुकानच आहे माझं, किल्ल्या बनवतो, कुलपं बसवतो, कुणी घराबाहेर अडकलं की धावत जातो. तुम्हाला सांगतो, बंद दार उघडणं हा माझा धंदा आहे, धंदा!

थांबा. पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा माणूस पलंगाखाली करत काय होता.

आमची भिंगरी. तेरा वर्षांची. शाळेत वेगळं नाव आहे, पण चालायला लागली तेव्हापासून घरात भिंगरीच. नऊ वर्षांची असताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हिला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही. तोवर शाळेतल्या बाई काय म्हणायच्या? "गुणी आहे हो, फक्त जरा तंद्रीत असते." मुलगे बाकावर चढतात, खिडक्या फोडतात, त्यामुळे त्यांचं लवकर कळतं म्हणे. ही आपली हाताची घडी घालून पहिल्या बाकावर बसायची आणि मनाने कुठल्या कुठे जाऊन यायची, कुणाला पत्ता लागणार? मग गोळी सुरू झाली आणि घर जरा थाऱ्यावर आलं. संध्याकाळी दुकानात यायची, माझ्या शेजारी स्टुलावर बसून किल्ल्यांचे ढीग लावायची, आणि बोलायची… बोलायची… मी आपला किल्ली घासतोय, हिची टकळी चालू. काय सांगू तुम्हाला, सोन्याचे दिवस होते.

आणि मग आलं ते वय.

बाराव्या वर्षी पाळी सुरू झाली आणि त्या गोळीला काय झालं कोण जाणे! तीन आठवडे बरी चालते, आणि पाळीच्या आधी चार दिवस अशी वागते की जणू गोळीऐवजी खडूचा तुकडा खाल्लाय. दप्तर बसमध्ये, बूट एक घरी एक शाळेत, आणि "भाजी वाढू का?" एवढं विचारलं तरी डोळ्यांत पाणी. "मी लठ्ठ आहे असं म्हणायचंय ना तुला?" अगं, भाजी म्हणालो मी! आत्या, म्हणजे माझी बहीण, येऊन सांगून गेली, "आमच्या वेळी नव्हती बाई असली सोंगं." हिच्या वेळी हिने तीनदा घर सोडून जायची धमकी दिली होती, पण ते असो.

गेलो डॉक्टरीणबाईंकडे. त्या बोलतात लोण्यासारख्या. "हे बघा, त्या दिवसांत शरीरातली संप्रेरकं खाली जातात. काही मुलींना मग नेहमीची गोळी अपुरी पडते. लक्ष कमी लागतं, राग जास्त येतो, मनाला लागतंही जास्त. ती मुद्दाम करत नाही. आपण औषधाचं बघू, पण तोवर तुम्ही दोघं शांत राहा." शांत राहा! यांना काय जातंय सांगायला? मग विचारतात, "घरात आणखी कुणी असं आहे का? विसराळू, एका जागी न टिकणारं?" शेवटी माझ्या लक्षात आलं की बायको माझ्याकडे बघतेय, डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघतायत, आणि मी त्यांच्या कपाटाच्या कुलपाकडे बघतोय. ढिलं झालं होतं हो ते! म्हटलं, "काय म्हणालात?" झालं, मिळालं त्यांना उत्तर.

तर भांडण सुरू झालं दारावरून. मी न विचारता तिच्या खोलीत शिरायचो. जन्मापासून शिरत आलोय, मला काय माहीत आता व्हिसा लागतो? एकदा ती कपडे बदलत होती. दुसऱ्यांदा रडत होती. दुसऱ्या वेळी जे बोलणं बंद केलं ते पंधरा दिवस! दुकानात येणं बंद, जेवताना मीठ हवं असलं तरी आईला सांगणार, "त्यांना म्हणावं मीठ द्या." त्यांना! मी बाप तिचा, आणि 'त्यांना'!

शेवटी हिने, म्हणजे माझ्या बायकोने, तह घडवून आणला. भिंगरीची अट एकच. दारावर टकटक करायची, आणि ती 'हो' म्हणेपर्यंत थांबायचं. टकटक करून लगेच घुसायचं नाही, थांबायचं. आणि दाराला आतून साधी कडी. तिने कडीच मागितली होती बिचारीने. पण मी म्हटलं, कुलूपवाल्याच्या घरात कडी? लोक काय म्हणतील? दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप आणून बसवलं. आतूनही किल्ली, बाहेरूनही किल्ली, चोर खिडकीतून आत शिरला तरी दारातून बाहेर पडता येऊ नये असं! किल्ली एकच. दुसरी बनवणार नाही असा शब्द दिला, आणि तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मी किल्लीची जोड बनवली नाही. ती बोलायला लागली माझ्याशी. थोडंच, "बाबा, पाणी दे" एवढंच. पण मला विचारा त्याची किंमत. तिने बजावून ठेवलं होतं, "परत न विचारता आलास ना, तर मग कायमचं." आणि ती पोरगी बाकी सगळं विसरते, अबोला विसरत नाही.

तर त्या दिवशी सकाळी भिंगरी अंघोळीला, ही कामावर गेलेली, आणि खोलीतून वास! काय वास म्हणता! आठवड्यापूर्वी हरवलेला डबा आतच कुठेतरी पडून होता. दार सताड उघडं. म्हटलं, ती आत नाहीच, तर विचारायचं कुणाला? पटकन शिरू, डबा उचलू, निघू. वाकलो, पलंगाखाली सरपटलो, डबा हाताला लागला, आणि भिंगरी आली. वादळासारखी. दप्तर उचललं, मोजा शोधला, मोज्याला शिव्या दिल्या, बाहेर गेली, आणि कुलूप बसवल्यापासून आजवर एकदाही जी गोष्ट तिला आठवली नाही ती नेमकी त्या दिवशी आठवली. कुलूप लावलं!

ओरडायचं होतं, कळतंय मला. ओरडलो असतो तर सुटलो असतो, आणि 'त्यांना' झालो असतो. तोंडावर हात दाबला. गेली.

बाहेर आलो पलंगाखालून. फोन बघतो तर बैठकीत, चार्जिंगला. खिडकीला गज. तेही मीच बसवलेले, सांगायला नको. आणि फोन वाजायला लागला. वाजतोय, थांबतोय, पुन्हा वाजतोय. कुणीतरी बिचारं आपल्या घराबाहेर अडकलंय, मला बोलावतंय, आणि मी घरात अडकलोय. बंद दार उघडणं हा माझा धंदा आहे हो!

मग खोली बघितली. बसून बघितली. आधी कधी बघितलीच नव्हती, नुसता शिरायचो आणि ओरडायचो. अर्धा रंगवलेला घोडा. अर्धी विणलेली पट्टी. पाण्याचे पाच ग्लास, प्रत्येकात दोन घोट उरलेले. आणि टेबलाच्या खणात काय असावं? माझे स्क्रू ड्रायव्हर! चार! वर्षभर शोधतोय, दुकानातल्या पोऱ्यावर आळ घेतला मी, आणि इथे एका जुन्या घड्याळाचं पोट उघडून बाजूला ठेवलेले!

आता तुम्ही म्हणाल, सुटला. बरोबर. आतल्या बाजूला चार स्क्रू. दोन मिनिटांचं काम. स्क्रू ड्रायव्हर लावला, एक आटा फिरवला, आणि थांबलो. कुलूप काढलं तर दाराला भोक दिसणार. परत लावावं तर आत राहूनच लावावं लागणार. कुठूनही हिशेब करा, तिला कळणारच की बाप आत होता. हातात हत्यार, समोर दार, आणि माझ्याच्याने उघडवेना. फिरवलेला आटा परत घट्ट केला. बसलो. आणि एव्हाना… कसं सांगू… सकाळी दोन कप चहा झालेला. संडास समोरच, दारापलीकडे, चार पावलांवर. मांडीवर मांडी घालून बसलो आणि घोडा बघत राहिलो.

दुपारी बाहेरचं दार वाजलं. शाळा सुटायला वेळ होता, आणि हिची वेळ तर नव्हतीच. घराची किल्ली मी भिंगरीच्या दप्तराला साखळीने जखडलीय, त्यामुळे घरात ती येऊ शकते. पण खोलीची किल्ली तिने जखडू दिली नव्हती. "ती माझी आहे."

हरवली होती. अर्थातच हरवली होती! दप्तर धाडकन जमिनीवर उलटं केलेलं ऐकू आलं, पेनं घरंगळली, मग दाराला पाठ लावून ती खाली बसली आणि रडायला लागली. स्वतःशीच बोलत होती. पाळी शाळेत आली होती, पॅड न्यायचं विसरली होती, डाग पडला होता, कुणीतरी हसलं होतं, कमरेला स्वेटर बांधून बस न घेता चालत आली होती, आणि आता पॅड आत आणि किल्ली नाही. "मूर्ख आहेस तू. मूर्ख. एक, एक गोष्ट नीट होत नाही तुझ्याने."

दाराच्या अलीकडे मी, पलीकडे ती, मध्ये बोटभर लाकूड. आवाज तिचा होता, पण शब्द आमचे होते हो. शाळेचे, आत्याचे, माझे. म्हटलं, गेलं खड्ड्यात, बोलू दे आयुष्यभर 'त्यांना'.

मी दारावर टकटक केली.

आतून!

रडणं बंद. श्वाससुद्धा बंद. मग बारीक आवाज आला. "कोण आहे?"

"बाबा."

"तू… आत?"

"हो."

"न विचारता?"

"न विचारता. डबा घ्यायला आलो होतो. सकाळपासून इथेच आहे." आणि मग म्हणालो, "तू मूर्ख नाहीस. मी अडकलोय, बघ ना, मी कुलूपवाला आहे."

मला वाटलं, संपलं. मग नाक ओढल्याचा आवाज, आणि हसली की रडली ते आजही सांगता येणार नाही. म्हणाली, "कपाटातला खालचा खण. पॅड दे." आता खालून फट किती? बोटभर! मी पालथा पडून एकेक पॅड चपटं करून दाराखालून सरकवतोय, आणि जो शब्द घरात मी आजवर उच्चारला नव्हता तो ओरडून विचारतोय, "पॅड मोठं देऊ की छोटं?" "ओरडू नकोस रे, बाबा!" बाबा म्हणाली. ऐकलंत ना? बाबा!

म्हटलं, स्क्रू ड्रायव्हर आहे माझ्याकडे, दोन मिनिटांत येतो बाहेर. तर म्हणाली, "नाही. मी अशी असताना नाही. मी बदलते, आणि 'हो' म्हणते. मग ये. 'हो' म्हणेपर्यंत थांबायचं." "थांबतो," म्हटलं. शब्द दिला.

बाथरूमचं दार लागलं. पाणी वाजलं. दार उघडलं. पावलं माझ्या दारापर्यंत आली… आणि पुढे गेली. स्वयंपाकघरात भांडं वाजलं. काहीतरी खाल्लं. गुणगुणली. मग सोफा कुरकुरला, आणि नंतर काही नाही. विसरली! अख्खा बाप विसरली!

मग आणखी तासाभराने ही आली. दबक्या आवाजात म्हणते, "अहो, फोन इथे, तुम्ही कुठे आहात? ही सोफ्यावर गाढ झोपलीय, माझी विजार घालून."

म्हटलं, "इथे. आत."

"आत कशाला? बाहेर या की. दार उघडणं तुमचा धंदा ना?"

"धंदा आहे. पण 'हो' आलेलं नाही अजून."

"मग उठवू तिला?"

काय सांगणार? एकीकडे सकाळचे ते दोन कप चहा, आणि दुसरीकडे पहिल्यांदाच अशी निवांत झोपलेली पोर. म्हटलं, "नको, दमलीय ती, झोपू दे. फक्त आपोआप जागी झाली ना, तर जाता जाता तेवढं कानावर घाल… तुला एक बाप आहे म्हणावं, आत ठेवलायस."